परदेशी जाताना मिक्सर न्यायचा का? आणि बाकीचं काय काय इथेच ठेवायचं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी यादी घेऊन घरी आली. जर्मनीला मास्टर्सला चाललीये, एकच बॅग, २३ किलो, आणि यादीत अकरा विजेच्या वस्तू! मिक्सर, इस्त्री, रोटीमेकर, इंडक्शन शेगडी, किटली, राईस कुकर, हँड ब्लेंडर, हेअर ड्रायर, डासांचं मशीन, एक्स्टेंशन बोर्ड आणि चक्क छोटा टेबल फॅन. यादी तिच्या आजीने, आत्याने आणि यूट्यूबने मिळून केली होती. चहा होईपर्यंत आम्ही त्यातल्या नऊ गोष्टी खोडल्या, राहिला हँड ब्लेंडर आणि एक्स्टेंशन बोर्ड. आजी अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

मी स्वतः नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं न्यू जर्सीत आणि नंतर तीन वर्षं म्युनिकला राहून परत कोथरूडला आले, दोन्ही वेळा चुकीच्या वस्तू नेल्या आणि बरोबरच्या इथे विसरले, त्यामुळे आता कुणी जायचं म्हटलं की लोक माझ्याकडे पाठवतात. दर वेळी तेच तेच सांगते म्हणून एकदाच लिहून काढतेय.

माझा एकच नियम आहे: तापवणारं सगळं इथेच ठेवा, दळणारं न्या. किटली, इस्त्री, टोस्टर, राईस कुकर या गोष्टी जगात कुठेही मिळतात आणि स्वस्तात मिळतात, शिवाय वीज जास्त खातात त्यामुळे व्होल्टेज बदललं की सगळ्यात आधी याच रुसतात. पण सुकं खोबरं, भाजलेले धने, ओला नारळ, भिजवलेली उडीद डाळ हे सगळं दळणारं यंत्र तिकडच्या साध्या दुकानात मिळत नाही. तिकडचे ब्लेंडर स्मूदीसाठी बनवलेले असतात, त्यात काळ्या मसाल्याचं सुकं खोबरं टाकलं की पात्याखाली एक जाड थर बसतो आणि वरचा माल तसाच गरगर फिरत राहतो.

पायरी १: वस्तू उलटी करा

खरंच, हातात घ्या आणि उलटी करा. खाली किंवा मागे एक चंदेरी स्टिकर असतो, जुन्या मिक्सरला त्यावर पिठाचा आणि तेलाचा थर बसलेला असतो तो ओल्या फडक्याने पुसा. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या: व्होल्ट (विजेचा दाब), हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते), वॉट (वस्तू किती वीज खाते).

तुमच्या मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ हा चार्जर जगात कुठेही चालतो, फक्त पिन बदलावी लागते. लॅपटॉपचा चार्जर, कॅमेऱ्याचा चार्जर, बरेचसे ट्रिमर याच गटातले. आता मिक्सर उलटा करा, तिथे नुसतं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॉट असं काहीतरी असेल. म्हणजे ही वस्तू महावितरणच्या करंटवर चालायला बनवलेली आहे, दुसरीकडे चालेल की नाही ते देशावर अवलंबून.

अडॅप्टर आणि ट्रान्सफॉर्मर या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. व्होल्टेज बदलायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. दुकानात "ताई, हा लावा, सगळीकडे चालतं" असं म्हणून शंभर-दोनशे रुपयांची जी पांढरी डबी देतात ती अडॅप्टर असते.

पायरी २: देश कुठला ते बघा

ब्रिटन, जर्मनी आणि बाकी युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबई इथे आपल्यासारखंच, म्हणजे साधारण २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. इथे जाणाऱ्यांनी निम्मं टेन्शन सोडून द्या, प्रश्न फक्त पिनेचा उरतो.

अमेरिका आणि कॅनडा: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या जवळजवळ निम्मं. आणि निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मी उष्णता असं नसतं, पाव होते. इथली १५०० वॉटची किटली तिकडे लावली तर ती साधारण ४०० वॉटने काम करते, चहाचं पाणी उकळेपर्यंत तुमची बस गेलेली असते. इस्त्री तर कोमटच्या पुढे जात नाही, त्याने फक्त कपड्यांची समजूत घालता येते.

जपान आणखी वेगळं, तिथे १०० व्होल्ट, आणि टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ तर ओसाकाच्या बाजूला ६०. एकाच देशात दोन! सौदीत २३० व्होल्ट आहे पण ६० हर्ट्झ.

हर्ट्झने काय फरक पडतो असं विचाराल तर मिक्सरला फारसा नाही. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन असतात, दुरुस्तीवाला "कार्बन गेलाय" म्हणतो ना, ते. ही मोटर हर्ट्झकडे बघत नाही. पण टेबल फॅन, वेट ग्राइंडर, घरघंटी यांच्या मोटरी वेगळ्या असतात, त्या हर्ट्झप्रमाणे फिरतात, म्हणजे ६० हर्ट्झवर ठरवल्यापेक्षा जोरात पळतात आणि तापतात. ट्रान्सफॉर्मर लावूनही हर्ट्झ बदलत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि हो, घरघंटी न्यायची का असं मला आत्तापर्यंत तीन जणांनी विचारलंय. नाही. त्यातल्या एकाने तरीही नेली, जहाजाने, टेक्सासला. आता त्यावर कुंडी ठेवलीये.

पायरी ३: मिक्सरचा निर्णय

हा खरा प्रश्न आहे म्हणून इथे जरा वेळ घेते.

युरोप, ब्रिटन, आखात, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर: मिक्सर बिनधास्त न्या. मोठाच न्या असं नाही, ५०० वॉटचा दोन भांड्यांचा दोघांना पुरतो. विद्यार्थी असाल, एकटे असाल आणि २३ किलोची एकच बॅग असेल तर नुसता हँड ब्लेंडर न्या आणि मसाले इथून दळून न्या. तीन भांड्यांचा ७५० वॉटचा मिक्सर माझ्या काट्यावर जवळजवळ सहा किलो भरला होता, म्हणजे बॅगेचा पाव हिस्सा. एवढं वजन देण्याआधी तुम्ही तिकडे खरंच इडली करणार आहात का याचा स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करा.

अमेरिका, कॅनडा: इथला २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नका. थेट लावला तर नुसता कण्हतो, दळत काही नाही. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण त्याची गोष्ट ऐका.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पेठेतल्या एका दुकानातून स्टेप-अप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला. मिक्सर ७५० वॉटचा. दुकानदार म्हणाला ५०० वॉटचा पुरे, मिक्सर कुठे तासभर चालतो, दोन मिनिटांचं तर काम. मलाही हलका हवा होता म्हणून मीही मान डोलावली. तिकडे दुसऱ्याच आठवड्यात ओल्या नारळाची चटणी लावली, ट्रान्सफॉर्मरमधून आधी हंमम असा आवाज, मग वार्निश जळाल्याचा वास, मग एकदम शांतता. आणि ती शांतता संपायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म जो कोकलायला लागला तो शेजारची बाई दार ठोठवेपर्यंत थांबला नाही. चटणी भरडच राहिली, तशीच खाल्ली.

नंतर कळलं की मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून मोटरच्या वस्तूला लिहिलेल्या वॉटच्या निदान दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. ७५० च्या मिक्सरला १५०० वॉटचा. तो एकदा दुकानात उचलून बघा, दोन-तीन विटा बांधून हातात दिल्यासारखा लागतो. मिक्सर सहा किलो आणि त्याला चालवायला तेवढाच किंवा त्याहून जड डबा, असा हा संसार. काही हलके कन्व्हर्टर मिळतात ते फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, त्यांना मोटर लावू नका.

त्यापेक्षा ११० व्होल्टचाच, म्हणजे तिकडच्या विजेवर चालणारा भारतीय मिक्सर घ्या. प्रीतीसारख्या कंपन्या खास अमेरिका-कॅनडासाठी असे मिक्सर काढतात, ते तिकडच्या भारतीय दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. इथल्यापेक्षा महाग पडतो, हे खरं. पण तिथे घेतला तर वॉरंटीही तिथली मिळते. इथे घेतलेल्या वस्तूची वॉरंटी बहुतेक वेळा भारताबाहेर चालत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर कुकरपासून पोळपाट-लाटण्यापर्यंत सगळं मिळतं, शिकागोला डेव्हन अव्हेन्यू आहे. लंडनला साउथहॉल-वेम्बली, दुबईत करामा, सिंगापुरात मुस्तफा. म्युनिकला मात्र आमच्या जवळपास असलं काही नव्हतं, तिथे आपला इथला मिक्सरच देवासारखा.

मिक्सर नेणार असाल तर नेण्याआधी भांडं मोटरला जोडणारं खालचं काळं कपलर, भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग आणि कार्बनची एक जोडी, एवढे सुटे भाग जास्तीचे घ्या. सगळं मिळून मुठीत मावतं. तुमच्याच मॉडेलचे घ्यायचे, रिकामं भांडं सोबत घेऊन दुकानात जायचं. म्युनिकला माझं कपलर तुटलं तेव्हा पुण्याहून येणाऱ्या माणसाची दोन महिने वाट बघितली, तोवर चटणी बंद.

पायरी ४: विजेशिवाय चालणाऱ्या वस्तू

लोक विजेच्या वस्तूंच्या मागे लागतात आणि खऱ्या उपयोगाच्या गोष्टी राहून जातात. कुकर न्या. तीन लिटरचा दोघांना, पाचचा चौघांना. पण आधी तिकडची शेगडी कसली असेल ते विचारा. जर्मनीत काचेची शेगडी फार, ब्रिटनमध्ये गॅसही असतो, अमेरिकेत भाड्याच्या घरात बऱ्याचदा विजेची गुंडाळी नाहीतर काच. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, त्याला इंडक्शन बेस लागतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढा आणि कुकरच्या बुडाला लावा, घट्ट चिकटला तर चालेल, पडला तर नाही. तव्यालाही हीच परीक्षा. काच असेल तर बूड सपाटही हवं, फुगलेल्या बुडाचा कुकर त्यावर डुगडुगतो आणि डाळ शिजायला जन्म लागतो.

कुकरसोबत दोन रिंगा, एक जास्तीची शिट्टी, दोन सेफ्टी व्हॉल्व. पुण्याच्या बोहरी आळीत हे सगळं मिळतं, कुकर कुठल्या कंपनीचा आणि किती लिटरचा ते कागदावर लिहून न्या, कारण "हीच बसेल" म्हणून दिलेली रिंग बसत नाही. कुकर हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले उघडून बघत बसतात आणि तुमच्या मागे रांग. चेक-इनमध्ये टाका, आत डाळ-मसाल्याची पाकिटं भरा म्हणजे जागाही वाया जात नाही.

पुरणयंत्र, किसणी, सोऱ्या, मोदकपात्र यांना व्होल्टेज लागत नाही. हाताने फिरवायचं स्टीलचं पुरणयंत्र तुळशीबागेत मिळतं आणि तिकडे होळीला तुम्ही एकदम लोकप्रिय होता. पितळी सोऱ्या मात्र नको, जड असतो, हलका स्टीलचा घ्या. फुलके भाजायची जाळी गॅस असेल तरच, काचेवर ती ठेवून फुलका फुगत नाही आणि काचेला चरे पडतात ते वेगळंच, घरमालक डिपॉझिटमधून कापतो.

पायरी ५: पिन आणि बोर्ड

आपली तीन गोल पिनांची टॉप, म्हणजे प्लग, ब्रिटनच्या सॉकेटमध्ये जात नाही. ब्रिटन, दुबई, सिंगापूर इथे तीन चौकोनी जाड पिना असतात आणि टॉपच्या आत फ्यूज असतो. जर्मनीत गोल खड्ड्यासारखं सॉकेट, दोन गोल पिना आणि अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना. आपली दोन बारीक पिनांची चार्जरची टॉप त्यात बहुतेक वेळा बसते.

माझी पद्धत अशी. २३० व्होल्टच्या देशात जाताना इथला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड न्यायचा आणि तिकडे गेल्यावर त्याची टॉप कापून तिथली बसवून घ्यायची, म्हणजे एका बोर्डावर सगळे चार्जर आणि मिक्सर चालतात, डझनभर अडॅप्टर सांभाळावे लागत नाहीत. टॉप बदलणं सोपं काम आहे पण वायरचे रंग नीट बघा: नवीन वायरमध्ये तपकिरी म्हणजे लाइव्ह, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, आपल्या जुन्या वायरमध्ये लाल लाइव्ह आणि काळी न्यूट्रल. ब्रिटनच्या टॉपमध्ये ७०० वॉटपर्यंतच्या वस्तूला ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्यापुढे १३ चा असा साधारण हिशोब असतो. हात थरथरत असेल तर माहितगाराकडून करून घ्या.

त्या बोर्डावर हीटर किंवा इस्त्री लावायची नाही. युनिव्हर्सल अडॅप्टरवरही नाही, त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरना अर्थिंग जोडलेलंच नसतं. अमेरिकेत इथला बोर्ड फक्त मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरपुरता. अडॅप्टर तपकीर गल्लीत ढीगभर मिळतात, दोन पुरेत, विमानतळावर घेऊ नका.

पायरी ६: हे नकोच

फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, टीव्ही, वॉटर प्युरिफायर, स्टॅबिलायझर: नाही. अमेरिकेत भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी बहुतेक असतेच. जर्मनीत उलटं, कित्येक घरं ओट्याशिवाय मिळतात, सिंकसुद्धा नसतं आणि छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. तरीही इथून काही नेऊ नका, आधीच्या भाडेकरूकडून अख्खं स्वयंपाकघर विकत घ्यायची तिथे पद्धत आहे. टीव्ही नेलात तर विजेवर कदाचित चालेल, पण तिकडच्या चॅनेलचे सिग्नल त्याच्या ट्यूनरला कळतीलच असं नाही, अमेरिकेत तर पद्धतच वेगळी. वॉटर प्युरिफायर नेणारे लोकही मी बघितलेत, म्युनिकला नळाचं पाणी थेट पितात हो.

संपूर्ण कुटुंब कायमचं जाणार आणि न्हावा शेवाहून जहाजाने सामान पाठवणार असाल तर हिशोब घनमीटरवर होतो, म्हणून फर्निचरपेक्षा भांडी आणि पुस्तकं परवडतात. कस्टमचं एक लक्षात ठेवा, वापरलेल्या घरगुती सामानाला सूट मिळते: युरोप आणि ब्रिटनमध्ये ते निदान सहा महिने तुमच्या वापरात हवं, अमेरिकेत एक वर्ष. त्यामुळे जायच्या आधल्या महिन्यात लक्ष्मी रोडवर जाऊन नवं कोरं सगळं घ्यायचं आणि खोक्यासकट जहाजात टाकायचं, यात शहाणपणा नाही.

पायरी ७: बॅग भरणं

मिक्सरचा खोका आणि थर्माकोल घरीच. मशीन जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या बरोबर मध्ये, चारी बाजूंनी कपडे. भांड्यांमध्ये मोजे कोंबा. भांडी हँडबॅगेत नको, खाली पाती असतात, काढून घेतील. पॉवर बँक मात्र उलट, ती चेक-इनमध्ये चालत नाही, हँडबॅगेतच आणि १०० वॉट-अवरच्या आतली. हुकाचा वजनकाटा कुणाकडून तरी मागून आणा, बाथरूमच्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहिलं की दोन किलोचा घोळ होतो.

आकाशकंदिलाचं सांगायचं राहिलं. घडीचा कागदी कंदील न्या, पण आतली वायर-होल्डर नको. आपला पिनेचा होल्डर ब्रिटनमध्ये चालतो, तिथे तसलेच बल्ब मिळतात, पण जर्मनी-अमेरिकेत आट्यांचे बल्ब असतात, तेव्हा वायर-होल्डर तिथलाच घ्यावा. इथल्या विजेच्या माळा अमेरिकेत नीट चालत नाहीत, यूएसबीवर चालणाऱ्या न्या.

आणि पुण्यातलं घर बंद ठेवून जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करा आणि दारात वर्तमानपत्राची घडी घालून ते किलकिलं ठेवा, नाहीतर परत आल्यावर वासाने घरात पाऊल टाकवत नाही. प्युरिफायरच्या टाकीतलं पाणी काढा, गॅसचा रेग्युलेटर सोडवून ठेवा, मिक्सर आईकडे. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघायला शेजारच्या काकांना किल्ली द्याल तेव्हा मीटरच्या बोर्डावर कुठला स्विच कशाचा ते मार्करने लिहून ठेवा, आमच्या काकांनी इन्व्हर्टर समजून गिझर चालू केला होता, चार महिने.